चुंबकाखालची खूण

मुबीनभाईचा कान नागभीडपासून चंद्रपूरपर्यंत प्रसिद्ध होता. पेटीचा कुठला सूर उतरलाय, स्पीकरचा पडदा फाटलाय की नुसताच सैल झालाय, हे तो दुकानाच्या पायरीवर बसून, हातातला चहा खाली न ठेवता सांगायचा. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत घर. कानावर त्याचा जेवढा विश्वास, तेवढाच माणसांवर अविश्वास. भाजीवालीनं काटा मारला नाही ना, म्हणून पारड्याखाली हात घालून बघणारा हा माणूस. लग्नात सासऱ्यानं चावीचं घड्याळ दिलं, तर त्याचंही झाकण यानं मांडवातच उघडलं होतं, आत मशीन अस्सल आहे ना ते बघायला. सुलतानाबी ही गोष्ट पंचवीस वर्षांनीही विसरली नव्हती.

तरुणपणी तो ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांचा तो गिटार जपानी होता, पिवळ्या-तांबड्या रंगाचा, कुठल्याशा खाणीच्या क्लबमधून लिलावात सुटलेला. दहा-बारा वर्षं मुबीन तो गळ्यात अडकवून स्टेजवर उभा राहिला, एका अंगाला ड्रमवाल्याच्या झांजा आणि दुसऱ्या अंगाला माणसाच्या उंचीचे स्पीकर. मग ऑर्केस्ट्रा मोडला. गिटार भिंतीवर गेला, आणि तिथंच त्याचा पिकअप मेला. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारी लांबट डबी. आत चुंबक असतो, त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरच्या तारांची थरथर हीच डबी पकडते आणि स्पीकरला देते. ती मेली, की गिटार म्हणजे नुसतं लाकूड.

असल्या जुन्या बेसच्या नादी लागलेली माणसं या दोन जिल्ह्यांत बोटावर मोजण्याइतकी. चंद्रपूरचा अयूब, सिंदेवाहीजवळचा लटारू, वडशाकडच्या नाटक कंपन्यांतले दोघे-तिघे. नवे सुटे भाग इकडे मिळत नसत, म्हणून एकाचं दुसऱ्याला चालायचं. तार पिळायच्या खुंटीच्या बदल्यात तारेखालची घोडी, घोडीच्या बदल्यात बटण. एसटीच्या कंडक्टरबरोबर जेवणाच्या डब्यातून माल जायचा. पैशाची भाषा कोणी करायचं नाही. एकच रीत होती: दुरुस्तीला कोणाचा भाग नेला, की आपल्या गिटारचा तसाच मोलाचा भाग त्याच्याकडे ठेवायचा. त्याचं परत गेलं की आपलं परत यायचं.

लटारू धानाचा शेतकरी. पावसाळ्यात रोवणी, उन्हाळ्यात पंपाच्या जळलेल्या मोटरी भरणं, आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत बेस वाजवणं, असं त्याचं वर्ष. मोटरीची वाइंडिंग करणाराच पिकअपची करू शकेल, म्हणून रोवणी आटोपल्यावर तो मुबीनचा पिकअप घेऊन गेला, आणि रीतीप्रमाणे स्वतःच्या गिटारच्या चारही खुंट्या काढून मुबीनच्या हातावर ठेवल्या. खुंट्यांशिवाय तार चढत नाही. म्हणजे लटारूनं आपला गिटारच मुका करून ठेवला होता.

एवढ्यानं कोणाचंही समाधान झालं असतं. मुबीनचं होईल तर तो मुबीन कसला? पिकअप देण्याआधी त्यानं चुंबकाच्या पोटाला सुईनं अर्धचंद्र कोरून ठेवला होता. कोणाला सांगितलं नव्हतं, सुलतानाबीलाही नाही.

दिवाळीच्या तोंडावर पिकअप परत आला. वरून खालून मेणानं माखलेला. रानातलं मधमाशीचं मेण आरमोरीच्या बाजारातून आणून लटारूनं वितळवून आत मुरवलं होतं, वेढे हलू नयेत म्हणून. मुबीननं तो बसवला, तारा चढवल्या आणि छेडलं. आवाज आला, पण तो धप्प, घोंगडीखालून यावा तसा. तार सुटतानाची ती धार, तो ‘टण्ण’, ज्यावर मुबीन जीव टाकायचा, तो कुठेच नव्हता. मुबीनच्या मनात पाल चुकचुकली. एवढं मेण कशाला? मेण लावलं की आतलं दिसत नाही. आणि ज्याला आतलं दाखवायचं नसतं, तोच मेण लावतो.

“अच्छा तो बज रहा है,” सुलतानाबी दारातून म्हणाली.

हिला काय कळतंय, असं त्यानं मनात म्हटलं. तशीही ती हल्ली त्याला काही तरी चोरत असावी असा त्याला दाट संशय होता. शेजारणीशी पूर्वी मोकळ्या गळ्यानं बोलायची, आता दोघी ओठ हलवतात आणि एक शब्द ऐकू येत नाही. आणि तीच कशाला? गिऱ्हाइकंही बदमाश झाली होती. दुरुस्त करून दिलेला टेप परत आणून म्हणायची, यात सूंसूं आवाज येतो. हा कान लावून ऐकायचा. कसली सूंसूं आणि कसलं काय. मजुरी बुडवायचे धंदे. यंदा तर रातकिडेसुद्धा ओरडले नव्हते. धानावरच्या फवारणीनं मेले असतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

दिवाळी झाली आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या. मंडई आली की नाटकं आली. लटारू सायकल घेऊन दुकानासमोर उभा राहिला. मुबीन पाठमोरा होता. लटारू आत येऊन खांद्याला हात लावेपर्यंत त्याला पत्ता नव्हता, आणि असं चोरपावलांनी येणंही त्याला खटकलं.

“खुंट्या दे गा भाऊ. परवा नाटक हाय.”

“आवाज येऊ दे माह्या गिटारले. मंग नेजो.”

लटारूनं गिटार मांडीवर घेतला, चारही तारा छेडल्या, मान तिरकी करून ऐकलं. “आवाज तं हाय.”

“असंल. तुह्या घरी असंल.”

लटारूनं त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. गिटार हळूच टेबलावर ठेवला आणि सायकल ढकलत निघून गेला. खरा माणूस भांडला असता, असं मुबीननं ठरवून टाकलं. भांडला असता तर चोराच्या उलट्या बोंबा म्हणाला असता, हेही खरं.

खात्री करायला तो गाडीनं चंद्रपूरला गेला. अयूबचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि त्याच्याकडे तसलाच जपानी बेस होता. मुबीननं तो छेडला. तोही धप्प. टण्ण त्यातूनही गेलेला.

“याचा पिकअप कोणी भरला?” त्यानं विचारलं.

“लटारूनंच. दोन वर्षं झाली.”

झालं. दोन आणि दोन चार. लटारूनं एकाला नाही, दोघांना लुटलं होतं. अस्सल चुंबक काढून घ्यायचे, मोटरीतले भंगार बसवायचे आणि वरून मेण ओतायचं. अयूब बिचारा म्हणत होता की मला तर चांगला वाटतो. पण समोर मुबीनभाईचा कान होता. त्या कानापुढे अयूबनं स्वतःच्या कानाला खोटं ठरवलं. लटारूकडून आलेलं सगळं सामान त्याच आठवड्यात डब्यात घालून परत पाठवलं आणि वडशाच्या मंडळींनाही कळवलं. एका माणसाच्या शब्दावर लटारू चोर झाला.

आता पुरावा तेवढा उरला होता. एका दुपारी मुबीननं पिकअप काढला, दिव्याखाली धरला आणि ब्लेडनं मेण खरवडायला घेतलं. हळू तापवलं असतं तर मेण उतरलं असतं, वेढेही वाचले असते. पण संशयी माणसाला धीर कुठला? ब्लेड तारेत घुसलं. केसासारखी तार तटातट तुटली, वेढ्यांचा गुंता हातात आला. तुटताना त्याला दिसलं, की वेढे रांगेनं बसलेले होते, सुगरणीनं विणावेत तसे. त्यानं चुंबक उलटा केला.

पोटावर अर्धचंद्र होता. त्यानंच कोरलेला, जरासा वाकडा.

चुंबक अस्सल. वाइंडिंग अशी, की त्याला सात जन्मांत जमली नसती. तारा नव्या, वायर नवी, स्पीकर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या टेपला लावून पारखलेला. त्यानं एकेकाला तपासून सोडून दिलं आणि संशय घ्यायला कोणी उरेना.

मनगटावरचं सासऱ्याचं घड्याळ त्यानं काढलं आणि डाव्या कानाला लावलं. काही नाही. उजव्या कानाला लावलं, तरी काही नाही. एकेकाळी उशीखाली ठेवलेल्या या घड्याळाच्या टिकटिकीनं त्याची झोप मोडायची. चावी द्यायची राहिली असेल, असं म्हणून त्यानं ते डोळ्यांसमोर धरलं.

सेकंदाचा काटा फिरत होता.

त्याला भीती वाटली. घरात चोर शिरला म्हणून रात्रभर जागावं, आणि सकाळी कळावं की नेण्यासारखं जे होतं ते वर्षापूर्वीच गेलंय, तसं त्याला झालं. त्यानं सुलतानाबीला हाक मारली. ती येऊन समोर बसली आणि घड्याळ बघताच सगळं समजली.

“कबसे मालूम है?” त्यानं विचारलं.

“ईद के भी पहले से,” ती मोठ्यानं, ओठ नीट हलवत म्हणाली. “कैसे बोलती? तुम मुझ पे ही शक करते.”

म्हणजे शेजारणीशी कुजबुज चालायची ती त्याच्याचबद्दल. आयुष्यात घेतलेल्या हजार संशयांतला हा एक तेवढा खरा निघाला होता.

दुसऱ्या दिवशी चार खुंट्या आणि तुटका पिकअप रुमालात बांधून तो सिंदेवाहीला उतरला आणि लटारूच्या गावापर्यंत चालत गेला. लटारू खळ्यावर धान वाऱ्यावर देत होता. त्याची बायको रुखमाबाई मुबीनला बघून पाण्याचं न विचारता आत निघून गेली. ओसरीवर अयूबचा डबा तसाच पडलेला, आणि त्याच्या मागे भिंतीला टेकवलेला लटारूचा गिटार, बिनतारांचा.

मुबीननं रुमाल उघडून खाली ठेवला. लटारूनं तुटके वेढे पाहिले, बोटावर घेतले.

“हे कोनं केलं?”

“म्या. तू चुंबक बदलला असं वाटलं मले. माही खूण होती त्याच्यावर. तशीच हाय.” मुबीननं बोट स्वतःच्या कानाला लावलं. “मले ऐकू येत नाई लटारू. बारीक आवाज सारे गेले.”

“मालूम हाय.”

मुबीननं मान वर केली.

“त्या दिवशी रस्त्यावरून किती घंटी वाजवली म्या सायकलची,” लटारू म्हणाला. “तू वळून नाई पाह्यला. तवाच समजलो.”

“मंग बोलला काऊन नाई?”

“तुह्या कानाले कोन नाव ठेवंल गा? बोललो असतो तं म्हनला असता, चोर तं चोर, वरून मलेच बहिरा म्हनते.”

मुबीन हेच म्हणाला असता. त्यानं खाली बघून खुंट्या पुढे सरकवल्या. लटारूनं त्या उचलल्या, पण हंगाम अर्धा निघून गेला होता आणि त्याच्या जागी कंपनीनं दुसरा माणूस घेतला होता. ते मुबीनलाही ठाऊक होतं.

“अयूबले मी सांगतो,” तो म्हणाला. “आत्ता. तू संग चल.”

सिंदेवाहीच्या एसटीडी बूथवर मुबीन फोनमध्ये मोठमोठ्यानं बोलला, इतका की बाहेरची माणसं थांबली. लटारूनं काही घेतलं नाही, खोट माझ्या कानात आहे, हे त्यानं दोनदा सांगितलं. बाहेरचे लोक ऐकताहेत, हे बघूनही त्यानं आवाज उतरवला नाही. पलीकडून खरखर तेवढी आली. त्यानं फोन लटारूच्या कानाला लावला.

“काय म्हनते?”

“शिव्या देऊन राह्यला.”

“कोनाले?”

“तुले.”

मुबीननं मान हलवली. वडशालाही त्यानं फोन केला. परतताना पिकअप लटारूकडे राहिला. या खेपेलाही लटारू खिशातून खुंट्या काढून द्यायला लागला, तर मुबीननं त्याचा हात धरला. “राहू दे. काई ठेवू नोको.”

होळीच्या आधी लटारू पिकअप घेऊन आला. सायकलची घंटी त्यानं वाजवली नाही, सरळ समोर येऊन उभा राहिला. त्यानंच कथलाचे टाके मारले, त्यानंच तारा चढवल्या. मुबीन स्टुलावर बसून बघत राहिला. मग लटारूनं जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत एकेक तार छेडली. मुबीनला ऐकू आलं ते धप्पच. तो लटारूच्या चेहऱ्याकडे बघत होता.

“कसा हाय?”

“पयलेसारखा हाय. टण्ण.”

आणि मेली ती पाल पुन्हा चुकचुकली. हा माझं मन राखायला तर म्हणत नसेल? आजारी माणसाला आज रंग बरा दिसतोय म्हणतात, तसं? मुबीननं त्याचे डोळे शोधले. पण लटारूची मान अजून तिरकीच होती. त्यानं तिसरी तार पुन्हा छेडली, मग पुन्हा, आणि तोंड वाकडं केलं.

“नाई. ही तिसरी चरचरते. दांडीच्या पट्टीले घासून राह्यली. तुह्यानं ठीकच नाई लागली घोडी कधी.”

मुबीनला चरचर ऐकू आली नव्हती. खोटं गोड बोलणारा माणूस तिसऱ्या तारेची खोड कशाला काढेल? त्यानं बारीक स्क्रू ड्रायव्हर उचलला, घोडीवरच्या तिसऱ्या स्क्रूत बसवला आणि तार वर उचलायला सुरुवात केली. लटारू छेडत राहिला. मुबीन त्याच्या तोंडाकडे बघत फिरवत राहिला.

“थोडा अजून,” लटारू म्हणाला. “अजून. बस.”

मुबीननं हात तिथंच थांबवला.