खुंटीवरचे एक वर्ष

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण. माझ्या डाव्या भिंगात बुरशीचे जाळे धरले आहे आणि पट्टा दोनदा मोच्याकडून शिवून आणलेला आहे. तरी मी जे पाहिले ते खरेच पाहिले. खोटे झाले ते मी न पाहिलेल्या गोष्टीबद्दल.

माझे पहिले मालक जहाजावर होते. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी मला भाचीच्या गळ्यात घातले. "मला दिसेनासं झालंय, आता तू बघ," मामा म्हणाले. भाची बंदरावरच्या पक्षी-नोंद कार्यालयात नुकतीच नोकरीला लागली होती. सगळे तिला बाई म्हणत. मीही तेच म्हणते.

बाईंचे काम एकाच समुद्रपक्ष्याचे, राखी सुरयाचे. कबुतराहून सडपातळ अंग, कात्रीसारखी शेपूट. तो अंडी घालतो ती उघड्या खडकावर. कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा होता आणि त्यात सुरयाची वस्ती निळ्या शाईने रंगवलेली होती. बाई लागल्या तेव्हा निळी बेटे चार होती. एकावर तेलाच्या टाक्या आल्या. दुसऱ्यावरची अंडी माणसांनी टोपल्या भरभरून नेली. तिसरे समुद्राने गिळले. दर वेळी बाई स्टुलावर चढत आणि ब्लेडने निळा रंग खरवडत. शेवटी नखाएवढा एकच ठिपका उरला.

त्या बेटावर आम्ही दर वर्षी विणीच्या हंगामात जात असू. नावाड्याच्या होडीतून दोन तास लागत. पाऊल टाकताच पाखरे डोक्यावर चाल करून येत, टोपीवर शिटत. नावाडी हसून म्हणे, "बाई, तुमची पाखरं मोजायला हजर तरी राहतात. आमच्या गल्लीत शिरगणतीवाला आला की निम्मी माणसं गायब!" बाई माझ्यातून दहा-दहाचे गट मोजत, आणि तेही तीन वेळा. त्यांच्या भुवईचा घाम माझ्या रबरात मुरलेला आहे.

मग ते वर्ष आले. बाईंचा गुडघा सुजला होता, समुद्र खवळलेला होता आणि तक्ता शुक्रवारी वर पाठवायचा होता.

"गेल्या चार वर्षांत आकडा कितीने हलला?" साहेबांनी विचारले.

"दहा-वीसने."

"मग? पाखरं काय गाठोडं बांधून पळणार आहेत? गेल्या वर्षीचाच टाका, थोडा इकडे-तिकडे करून."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी खुंटीवर होते. मग त्यांनी लिहिले, चारशे सहा जोड्या. त्या आकड्याच्या भरवशावर धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत छापले गेले, 'संकटग्रस्त. संख्या स्थिर.'

पुढच्या वर्षी आम्ही गेलो. होडी खडकाला लागली तरी डोक्यावर कोणी आले नाही.

"एवढी शांतता?" नावाडी पुटपुटला.

बाईंनी मला डोळ्यांना लावले. अंड्यांच्या टरफलांना भोके पडली होती, कडा कुरतडलेल्या होत्या. खडकांच्या फटींत पिसे साचली होती. आणि भर उन्हात एक उंदीर बसून तोंड पुसत होता. आम्हाला पाहून तो पळालासुद्धा नाही.

"उंदीर? इथे? आले कुठून?" बाईंनी विचारले.

"गेल्या हंगामात मालाने भरलेलं एक गलबत अडकलं होतं या खडकावर," नावाडी म्हणाला. "दहा-बारा दिवस होतं. मला वाटलं, तुमच्या कानावर आलं असेल."

बाईंनी वाकून एक फुटके टरफल उचलले. "मी आले असते तर तेव्हाच दिसलं असतं. तेव्हा ते मूठभर असतील."

मग त्यांनी माझी ओली झालेली भिंगे पदराने पुसली आणि त्या मोजू लागल्या. तीन वेळा मोजले. नऊ पक्षी. पिल्लू एकही नाही.

"वादळात गेले असं लिहा," कार्यालयात परतल्यावर साहेब म्हणाले. "कोण जातंय बघायला?"

"कोणी गेलं नाही म्हणूनच हे झालं," बाई म्हणाल्या. "वादळ लिहिलं तर उंदरांचं औषध कोण पाठवेल?"

त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. "गेल्या वर्षीची मोजणी मी केली नाही. आकडा माझ्या मनाचा होता." साहेबांचा त्यात उल्लेखही नव्हता. बाईंना घरी बसवले गेले, मी मात्र कार्यालयातच राहिले. औषध आले, उंदीर मेले, पण तोवर आणखी दोन हंगाम गेले होते. आता ते बेट स्वच्छ आहे. स्वच्छ आणि रिकामे. यादीत आधी 'अतिसंकटग्रस्त' छापले गेले आणि काही वर्षांनी 'बहुधा नामशेष'. नकाशावरचा शेवटचा ठिपका कोणी खरवडला, मला माहीत नाही. मी तेव्हा कपाटात होते.

हल्ली मी कार्यालयाच्या व्हरांड्यात काचेच्या पेटीत असते. शाळेची मुले रांगेने येतात आणि माझ्या पायाशी ठेवलेली पाटी वाचतात, 'तेवीस वर्षांच्या अखंड पक्षीगणनेची साक्षीदार.' पाटी करणाऱ्याने तक्ते मोजले, पत्र वाचले नाही.

मागच्या महिन्यात बाई काठी टेकत आल्या. त्यांनी पाटी दोनदा वाचली.

"शिपाईदादा, पेटी उघडता जरा?"

"परवानगी लागते, आजी."

"दुर्बीण माझी आहे. आणि यातला एक शब्द खोटा आहे."

शिपायाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग व्हरांड्यात दोन्हीकडे नजर टाकली. त्याने किल्ली लावली आणि खिशातले पेन काढून त्यांच्या हातात दिले. बाईंनी 'अखंड'वर आडवी रेघ ओढली. एक हात काठीवर होता, रेघ वाकडी आली. मला त्यांनी उचललेसुद्धा नाही.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला जपा, असे मी म्हणत नाही. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते पाहिले म्हणून लिहू नका, एवढेच मागते. कधी या व्हरांड्यात आलात, तर घाईने पुढे सरकू नका. आधी ती वाकडी रेघ वाचा.