सतरा नंबरची काच

लॅबमध्ये सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू मोजायला नव्यांना तोच शिकवायचा. बाईचं बीज पस्तिशीनंतर झपाट्याने ओसरतं, पुरुषाचं सावकाश, पण ओसरतं दोघांचंही, हे तो पहिल्याच दिवशी सांगून टाकी. नमुन्याची डबी ठेवता ठेवता बायकोच्या वयाचं गाऱ्हाणं सांगणारे पोक्त नवरे बघून त्याला मनातल्या मनात हसू येई. स्वतः मास्तर अठ्ठेचाळीसचा होता, पण हा धडा आपल्याला लागू नाही अशी त्याने खुशाल समजूत करून घेतली होती.

बायको एक्केचाळीसची, आणि मूल अजून झालं नव्हतं. तपासण्या, गोळ्या, इंजेक्शनं, सगळं तिच्याच वाट्याला आलेलं. मास्तरची मोठी बहीण दर रविवारी येऊन, बाईने वेळेवर हालचाल करायला हवी होती, असं ऐकवून जाई. तुमचंही एकदा बघा ना, असं बायको मागेच म्हणाली होती, आणि मास्तर तेव्हापासून पुढच्या आठवड्याचा वायदा करत आला होता. काम दहा मिनिटांचं, पण आपल्याच माणसांसमोर डबी ठेवायची म्हणजे नाक कापल्यासारखं.

शेवटी एका सोमवारी त्याने आपली डबी नाव न घालता रांगेत सरकवली. नंबर मिळाला सतरा. प्रत्येक काच दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि आकडे जुळवायचे, असा तिथला नियम. स्वतःची काच मोजताना मास्तरचा हात भलताच सैल सुटला. मोजायच्या चौकटीच्या कडेवरचे, एरवी सोडायचे, तेही त्याने धरले, जागच्या जागी वळवळणारेही पोहणाऱ्यांत ढकलले. तरी बेरीज जेमतेमच भरली.

मग समोरच्या टेबलावरच्या बाईंनी तीच काच मोजली. बाई निवृत्तीला आलेल्या आणि कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या.

"मास्तर, तुमचा आकडा माझ्या दुप्पट आलाय. असं कधी होत नाही तुमचं." त्यांनी पुन्हा डोळा लावला. "संख्या कमी, चाल मंद. वय झालेलं दिसतंय बिचाऱ्याचं."

मास्तरने आपला आकडा खोडला आणि बाईंच्या आकड्याखाली सही केली.

घरी जाताना त्याला लाज वाटत होती, पण थोडं हलकंही वाटत होतं. आता बायकोच्या डोक्यावरचा ठपका जाईल, आपण होऊन कबूल केलं याचं तिला बरं वाटेल, असा त्याचा हिशेब. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, दोष तिचा एकटीचा नाही म्हणाला, ताईलाही मीच सांगतो म्हणाला.

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. ती रडली नाही की चिडलीही नाही.

"तुमची तपासणी करा म्हणून मी पहिल्यांदा कधी म्हटलं होतं, आठवतंय?"

"तीन वर्षं झाली असतील," मास्तर म्हणाला.

"तेव्हा मी अडतीसची होते."