एप्रन घातलेलं झुरळ

थांबा, पाय वर घेऊ नका. मी झुरळ बोलतेय, हे खरं आहे. पण मी उडत नाही, पळत नाही आणि तुमच्या डब्यांत तोंडही घालत नाही. माझी तोंडं माझ्या स्वतःच्या डब्यात असतात. ते सांगतेच पुढे.

मी तारेची, स्पंजाची आणि रबराची आहे. तळहाताएवढी लांब, अंगानं जरा भरलेली, कमरेला निळ्या चौकडीचा एप्रन. मुलांसाठी एक कार्टून आहे, बोलणाऱ्या किड्यांच्या कुटुंबाचं, त्यातली मी आई. आई असून मला मिशा आहेत. हसू नका, चाळिशीनंतर कुणाला नसतात?

माझा जन्म एका घरातल्या जेवणाच्या टेबलावर झाला. त्या टेबलावर जेवण फार क्वचित होतं. एका टोकाला दिवे, दुसऱ्या टोकाला कॅमेरा आणि मधे पुठ्ठ्याचं स्वयंपाकघर, त्यात आमचं बिऱ्हाड. घरची माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवतात, आम्ही झुरळं टेबलावर. जगात असं दुसरं घर असेल तर मला कळवा.

मला घडवलं वहिनीनं. ती माझी वहिनी नव्हे, पण तिची नणंद तिला दिवसभर त्याच नावानं हाका मारते, मग मलाही तीच सवय लागली. वहिनीचा नवरा कॅमेरा सांभाळतो. त्याला दादा म्हणतात. दादा बोलत नाही. म्हणजे बोलता येतं, पण काटकसरीनं वापरतो.

गंमत अशी, की झुरळांचं सिनेमातलं कुटुंब घडवणारी ही वहिनी खऱ्या झुरळाला जाम घाबरते. मला करताना तिनं पुस्तकातलं चित्र समोर ठेवलं होतं, तेही बोटांच्या फटीतून बघत. म्हणूनच मला छानसं नाक आलंय. झुरळाला नाक नसतं हे तिला कुणी सांगितलं नाही. मी तर मुळीच सांगणार नव्हते.

आमचं काम फार धीराचं. वहिनी माझा पाय केसभर हलवते, दादा फोटो काढतो. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे ढीगभर फोटो भराभर दाखवले की मी चालते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबून मी पडद्यावर खुर्चीतून उठते आणि फार तर दारापर्यंत जाते. ज्यांना वाटतं आपलं आयुष्य जागच्या जागी आहे, त्यांनी माझं बघावं.

आणि तोंडं! बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझी तोंडं ठेवलेली असतात. 'आ'चं वेगळं, 'ऊ'चं वेगळं, ओरडायचं वेगळं, लाडानं बोलायचं वेगळं. आवाज आधी रेकॉर्ड होतो, मग त्या बोलण्याबरहुकूम वहिनी चिमट्यानं एकेक तोंड लावते. मिटलेलं तोंडही आहे एक. ते कित्येक वर्षं कोरं करकरीत राहिलं.

"बाईला डबाभर तोंडं आणि बापाला तीनच?" छोटीनं एकदा विचारलं होतं.

"तुझ्या दादाला बघून केलाय बाप," वहिनी म्हणाली. "तीनसुद्धा जास्तच झाली."

छोटी म्हणजे वहिनीची नणंद. तिला लहानपणी छोटी म्हणायचे, ते तसंच राहिलं. आता वजन विचारू नका. ती खालच्या मजल्यावर राहते आणि दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारते. तिचा आवाज असा, की पळून जायच्या बेतात असलेला पेशंटही गुमान खुर्चीत जाऊन बसतो. तोच आवाज मला मिळालाय. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे कपड्यांचं कपाट. छोटी त्यात शर्टांच्या मधे उभी राहते, दार लावून घेते आणि आतून झुरळांच्या पोरांना रागावते. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, कपाटाला भूत लागलंय आणि ते फार प्रेमळ आहे.

पण छोटीची एक खोड. माझ्या तोंडाकडे बघितल्याशिवाय तिला बोलता येत नाही. आणि या खोडीनंच घात केला.

झालं असं, की आमच्या पहिल्या गोष्टीचा शेवट तेवढा राहिला होता. शेवटी कुटुंबाचा नाच होता आणि नाचात सगळ्यांच्या पुढे मी, सहाही पायांवर. चॅनलच्या मॅडमनी बजावलं होतं, "सोमवारी मला नाच दिसला पाहिजे. नाही जमलं तर मालिका आम्ही कॉम्प्युटरवर करून घेऊ, दुसरीकडून." वहिनीनं या कामासाठी दुसरी सगळी कामं सोडली होती. ती रात्रंदिवस नाचाच्या पावलांचा विचार करायची. भांडी घासतानाही बोटं ओट्यावर नाचवायची.

शुक्रवारी दुपारी दादा दिव्यांची जागा बदलत होता. छोटी दवाखान्यातून जेवणाच्या सुट्टीत आली. नाचाच्या आधीचं एक वाक्य तिला म्हणून बघायचं होतं. तिनं मला अलगद उचललं आणि चहा करता करता सराव करावा म्हणून स्वयंपाकघरात नेलं. रेकॉर्डिंगचं कपाट सोडलं तर बाहुली टेबलावरून हलवायची नाही, हा आमच्या घरातला पहिला आणि शेवटचा नियम. छोटीनं तो मोडला तो फक्त चहापायी. तिनं मला ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून उभं केलं, दोनदा वाक्य म्हणून दाखवलं आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती बोलत बोलत बाहेर गेली.

वहिनी आली पाणी प्यायला.

कामाचा भिंगाचा पट्टा तिनं कपाळावर सरकवला होता. डोळे सकाळपासूनच्या बारीक कामानं दमलेले. तिनं ओट्याकडे पाहिलं. तळहाताएवढं झुरळ, दोन पायांवर उभं, तिच्याचकडे बघून हसतंय. आता तुम्ही म्हणाल, एप्रन घातलेलं झुरळ कुठल्या घरात असतं? हा विचार चपलेच्या आधी यायला हवा होता. चपलेला घाई होती.

फाटकन आवाज झाला. ज्या हातानं मला एकेक मिशी लावली होती, त्याच हातानं.

मी खाली पडले तेव्हा वहिनी स्टुलावर चढून किंचाळत होती. दादा धावत आला, वाकला, मला उचललं आणि म्हणाला, "ही आपली आहे."

एवढ्या तीन शब्दांत घर शांत होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

माझे डावीकडचे दोन पाय आतल्या तारेसकट तुटले होते. पाठीला मधोमध दुमड पडली होती. पाठीचा साचा मला बाहेर काढतानाच फुटला होता, त्यामुळे मला जुळी बहीण नव्हती. वहिनीनं मला मांडीवर घेतलं आणि रडायला लागली.

"वन्सं, तुम्हाला चहा नंतर नसता का करता आला?" ती म्हणाली. एरवी ती छोटीला छोटीच म्हणते. वन्सं आणि तुम्ही आलं की समजायचं, आभाळ फाटलंय.

"माझं चुकलं गं, वहिनी," छोटी म्हणाली. "पण चपलेनं मारायच्या आधी बघशील तरी!"

"झुरळाला काय बघायचं असतं?"

यावर मला बरंच बोलायचं होतं. पण माझं तोंडच उडून फ्रिजखाली गेलं होतं.

शनिवारभर वहिनी मला जोडत बसली. नवी तार घातली, डिंक लावला, पाठ आतून भरली. पण एक पाय काही पूर्वीसारखा वाकेना. ठेवला तर ताठ, वाकवला तर घसरे. मग तिनं मला खिडकीत ठेवलं आणि टेबलावर नव्या बाईची तार वळायला घेतली. नवीन सांगाडा, सहा पाय ठणठणीत. मी बघत होते. सवत बघायला मिळणं नशिबात असावं लागतं. माझी तर डोळ्यांसमोर तयार होत होती, आणि माझाच एप्रन घालणार होती.

"सोमवारपर्यंत नाही होणार," वहिनी तार खाली ठेवून म्हणाली. "नवा साचा करायचा, पाठ ओतायची, वाळवायची, रंगवायची. आणि हिला नाचवता येत नाही. संपलं."

छोटी दारात उभी होती. स्कूटरवरून पडल्यापासून तिचा एक गुडघा वाकत नाही. ती तशीच लंगडत आत आली, मला खिडकीतून उचललं आणि म्हणाली, "का नाचवता येत नाही?"

"पाय बघ तिचा."

"माझा बघ की. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी नाचले होते का नाही?"

"नाचलीस," वहिनी म्हणाली. "खुर्ची मोडलीस."

"पण नाचले ना? पोरांच्या आयांचे पाय काय कारखान्यातून आलेले असतात? लंगडू दे हिला. बघतील पोरं."

वहिनीनं नवी तार टेबलावरून बाजूला सारली. दादानं दिवा लावला.

छोटी कपाटात शिरली. या वेळी मला बरोबर नेलं नाही, धडा घेतला होता. दादानं मला कपाटाच्या दाराबाहेर धरलं आणि छोटी फटीतून माझ्याकडे बघत बोलली. कागदावर नसलेलंच बोलली. गोष्टीतली पोरं विचारतात, आई, तुझ्या पायाला काय झालं? त्यावर मी म्हणते:

"काही नाही रे. स्वयंपाकघरात गेले होते. तिथली बाई घाबरली बिचारी. तिचा काय दोष? दमलेली होती. चला, गाणं लावा!"

कपाटाबाहेर वहिनी माझ्या तोंडांचा डबा घेऊन उभी होती. ते ऐकून तिनं नाक ओढलं. "बिचारी म्हणे," ती पुटपुटली. मग चिमटा उचलून 'बि'चं तोंड शोधायला लागली. ते फ्रिजखालचंच निघालं. दादानं झाडूनं काढून दिलं.

रविवारभर मी नाचले. केसभर, फोटो, केसभर, फोटो. पाच पाय गाण्याबरोबर आणि सहावा आपल्या मनानं. वहिनीनं त्या ताठ पायाला लपवलं नाही. उलट त्यालाच ताल दिला, ठक्, ठक्. बाप-झुरळ माझ्यापाठोपाठ तसंच लंगडायला लागतं, मग पोरं, मग शेजारचा कोळी, त्याचे तर आठ पाय. शेवटी अख्खं बिऱ्हाड लंगडत नाचतं.

सोमवारी मॅडम आल्या. चहाचा कप हातात घेऊन बघायला बसल्या. मी 'घाबरली बिचारी' म्हटलं तेव्हा त्या हसल्या. नाच सुरू झाला तेव्हा कप खाली ठेवला. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं.

"आईला लंगडं करायचं कुणाला सुचलं?" त्यांनी विचारलं.

वहिनी छोटीकडे बघायला लागली, छोटी वहिनीकडे. दादानं घसा साफ केला. "चपलेला," तो म्हणाला.

मालिका आमच्याकडेच राहिली. नव्या सांगाड्याची वहिनीनं मावशी केली. ती पुढच्या गोष्टीत पाहुणी म्हणून येते, टुणटुणीत आहे, आणि माझं-तिचं मुळीच पटत नाही. गोष्टीत म्हणतेय मी. बाहेरही नाही पटत.

आता माझं वय झालंय. रबराला चिरा गेल्यात, एप्रनचा निळा रंग विटलाय. कठीण नाच मावशी करते. मला वहिनीनं काचेच्या पेटीत, पुस्तकांच्या कपाटात बसवलंय. पाहुणे येतात, दचकतात, मग एप्रन दिसला की हसतात. माझा ताठ पाय बाहेरच्या बाजूला ठेवलाय, मुद्दाम. मिटलेलं तोंड लावलंय, तेही मुद्दाम असावं. हे सगळं मी मनात बोलतेय.

इथून मला स्वयंपाकघराचा ओटा दिसतो. कधीकधी तिथे एखादं खरं झुरळ येतं, माझा जातभाई. वहिनी अजूनही घाबरते, अजूनही स्टुलावर चढते, चप्पल उगारते. पण मग थांबते. कपाळावरचं भिंग खाली घेते, वाकते आणि नीट बघते, एप्रन आहे का. तेवढ्या वेळात ते झुरळ सिंकखाली पोचलेलं असतं.

माझ्या जातीसाठी मी आयुष्यात एवढंच केलं. तुम्हीही कधी चप्पल उचललीत, तर जरा वाकून बघा. एप्रन नसेलही. पण बघून घ्या.