उरलेला थर्माकोल

सुनेनं मागच्या अंगणातल्या मांजरांसाठी खोक्याचं घर करायला घेतलं, तेव्हा कात्री अर्थातच सासूच्या हातात आली. जन्मभर शिवणकाम केलेली बाई ती. तिच्या मापात एका सुताचाही फरक पडायचा नाही. मांजरं अर्धी रानटीच. खायला ठेवलं की यायची, हात पुढे केला की फिस्कारायची.

"दार लहानच ठेवा हं, आई. वारा आत जाता कामा नये," सून म्हणाली. "आणि कापड नको, ओल धरतं. सुकं गवत घालू."

म्हातारीनं खोक्याला आतून थर्माकोल बसवला. गारठ्यानं बोटं वळत नव्हती. ती झोपायची बंद केलेल्या गॅलरीत. तिथल्या खिडकीची काच मागच्या हिवाळ्यात फुटली. मुलगा म्हणाला, रविवारी बघतो. त्यानंतर किती रविवार आले नि गेले. त्याच्या खोलीत काही वारा शिरत नव्हता.

शेवटी एक तुकडा उरला. बरोब्बर त्या काचेएवढा.

"हा माझ्या खिडकीला लावू का गं?"

"अहो आई, तो खोक्याच्या खाली लागेल. फरशी केवढी गार असते!" सुनेनं तुकडा काढून घेतला. "आपण काय, घरातली माणसं, कसंही निभावून नेतो. बाहेरच्यांचंच बघावं लागतं."

म्हातारीनं कात्री मिटली.

"मग मलाही बाहेरचीच धर."

सून खळखळून हसली. आई कसल्या विनोदी आहेत, असं तिनं जेवताना नवऱ्याला सांगितलं. तोही हसला.