सरळ झालेली माशी

नेमबाजीच्या सार्वजनिक मैदानावरच्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, वाकली होती. गोळी हमखास उजवीकडे जायची. देखभाल करणाऱ्या काकांचे सहा अर्ज साहेबांच्या टेबलावर धूळ खात पडले. शेवटी काकांनी स्वतःच ती सरळ केली आणि शाबासकीची वाट बघत बसले.

नेहमीची मंडळी आली. वर्षभर डावीकडे नेम धरून हात तसाच बसलेला. सगळ्यांच्या गोळ्या डावीकडे गेल्या.

“काका, चांगली बंदूक बिघडवलीत की हो!”

काकांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात पहिल्यांदाच आलेल्या निवृत्त नर्सबाईंची गोळी बरोबर मधोमध बसली.

“सोपं आहे की!” त्या म्हणाल्या.

काकांनी लगबगीने अभिप्रायाची वही त्यांच्यापुढे सरकवली.