हसून राह्यला म्हणजे बरंच

आशाबाईनं कपाशीचं एक मिटलेलं फूल खुडलं आणि पूनमच्या तळहातावर ठेवलं. फूल उमललंच नव्हतं. पाकळ्या एकमेकींना चिकटून त्यांची गुलाबाच्या कळीसारखी गुंडाळी झाली होती. अशा फुलाला डोमकळी म्हणतात, आणि ती दिसते इतकी देखणी की नव्या नवरीनं वेणीत माळावी.

"उकल," आशाबाई म्हणाली.

पूनमनं नखानं पाकळ्या सोडवल्या. आत परागांच्या ओल्या, पिवळ्या लगद्यात एक बारीक अळी आपल्याच घाणीत लोळत होती. नुकती गुलाबी पडू लागलेली. उजेड लागताच ती वळवळली, आणि पूनमच्या अंगावर शहारा आला. फूल फेकून तिनं हात ओढणीला पुसला. पुन्हा पुसला. तरी तळहातावर काहीतरी चालतंय असं वाटत राहिलं.

"फेकतं काऊन वं? घरचीच हाये," आशाबाई म्हणाली. "तुह्या अ‍ॅपानं सांभाळलेली. नातीवानी."

पोळ्याला म्हणून पूनम पुण्याहून आपल्या गावी, उंद्रीला आली होती. बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नव्हता, दारावरची तोरणं हिरवी होती. येताना एसटीत तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: काकूला विचारायचं, अ‍ॅप कसं चाललंय? आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं सगळ्या शिवाराची कपाशी पोखरली होती. ज्या बियाण्यानं अळी मरते असं पिशवीवर छापलं होतं, त्याच बियाण्याच्या बोंडात अळी घर करून बसली होती. घाबरलेल्या लोकांनी दिसेल ते औषध मारलं, आणि फवारून फवारून माणसंच दवाखान्यात पडली. म्हणून यंदा पूनमच्या ऑफिसनं एका बियाणे कंपनीच्या पैशानं अ‍ॅप काढलं. गावात अळीची अंडी घालणाऱ्या पतंगांचे सापळे लावायचे, त्यांत सापडलेल्या पतंगांचा आकडा एकानं रोज भरायचा, आणि बाकीच्यांनी फक्त रंग बघायचा. हिरवा असला तर थांबा. लाल झाला तर लगेच फवारा, कारण एकदा अळी बोंडात शिरली की वरून विष मारा नाहीतर अमृत शिंपा, तिला काहीच होत नाही.

"अ‍ॅप सांगेल तेव्हाच फवार, काकू," असं जूनमध्ये पूनमनंच बजावलं होतं. लहानपणी पूनमची वेणी घालणारी ही काकू दिलेला शब्द मोडणारी नव्हती.

"दाखव बरं फोन," पूनम म्हणाली.

बांधावरच्या बाभळीखाली बसून आशाबाईनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला. कोपऱ्यातून तडकलेला, पाठीला केसांचं रबर लावलेला. अ‍ॅपवर बोट टेकवलं. पडदा काळा झाला. मग उगवला एक गडी. डोक्याला करकरीत लाल फेटा, दोन्ही हातांत पांढराशुभ्र कापूस, आणि तोंडभर हसू. तो मान हलवणार एवढ्यात तसाच थांबला. ओठ फाकलेले, दात उघडे, डोळे अर्धे मिटलेले. पूनमनं वाट पाहिली. झाडावरचा कावळा उडून गेला, दुसरा येऊन बसला. गड्याचे दात तसेच.

"हे असंच दिसतंय रोज?"

"हाव. रोज सकाळी चहाच्या आधी उघडलं. पाह्यलं, ठेवून देलं."

"अन् रंग? हिरवा, लाल?"

"कायचा रंग वं? हा मानूस दिसला नं. हसून राह्यला म्हणजे बरंच हाये, असं समजली मी. रडत असता त फवारलं असतं."

पूनमनं फोन जवळ ओढून घेतला. हा गडी तिच्या ओळखीचा होता. पुण्यातल्या एका स्टुडिओत त्याला फेटा बांधला होता. हातातला कापूस औषधाच्या दुकानातला होता, कारण शेतातला कापूस कॅमेऱ्यात मळकट दिसतो म्हणे. जुलैत कंपनीनं सांगितलं, अ‍ॅप उघडताच आमची चित्रफीत दिसली पाहिजे. पूनमनंच ती बसवली. ऑफिसच्या दांडग्या कॉम्प्युटरवर ती लोण्यासारखी चालली. नवी आवृत्ती सगळ्यांच्या फोनवर आपोआप गेली. तेव्हापासून हा माणूस रोज सकाळी काकूकडे बघून दात काढत होता आणि शिवारात पतंग अंडी घालत होते.

तेवढ्यात वाटेवरून गजेंद्र मोटारसायकलनं चालला होता. सापळे मोजून आकडे भरायचं काम त्याच्याकडे. पूनमनं हाक मारून त्याला थांबवलं.

"तुझ्या फोनवर काय रंग आहे रे?"

"लाल. पोळ्याच्या पह्यलेपासून लाल हाये," गजेंद्र म्हणाला. त्याचा फोन नवा आणि महागडा. "माहं मारून झालं दोनदा."

"अन् मले काऊन नाही सांगतलं, मेल्या?" आशाबाई उठली. "पह्यले बांधावरून बोंबलत होतास, काकू, अळी आली, काकू, अळी आली!"

"आता अ‍ॅप हाये नं काकू. मले वाटलं, सगळ्याईले आलंच अशीन."

तो गेला. आशाबाई त्याच्या धुरळ्याकडे पाहत राहिली. मग खाली बसून, फोनकडे न बघता, जात्यावर म्हणावी तशी हळू चाल धरून म्हणाली:

"कापूस माहा बाई, चांदण्यानं भरला शेला,
आत शिरला चोर, वरतून हसून गेला."

पूनमला वाटलं, काकूनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जागा त केली होती मी," आशाबाई म्हणाली. "तूच सांगतलं होतं, फोन भरला, जागा कर. देव सोडले मी त्याच्यासाठी."

ते खरं होतं. जूनमध्ये अ‍ॅप काकूच्या फोनमध्ये मावेना. फोन गच्च भरला होता तो सुप्रभातींनी. भजनी मंडळाच्या ग्रुपवर रोज पहाटे गजानन महाराज यायचे, सोमवारी शंकर, शनिवारी मारुती, एकादशीला विठ्ठल; प्रत्येकाभोवती चमचमणारे गुलाब. पूनमला त्या चित्रांचा वीट होता. "पुसून टाक सगळे," ती म्हणाली होती. आशाबाईनं कानांवर हात ठेवले. देवाचा फोटो फुटला तरी कोणी उकिरड्यावर टाकतं का? नदीत सोडतात, हळदकुंकू वाहून. मग स्टँडवर अकीलचं मोबाइलचं दुकान आहे, तिथं दोघी गेल्या. अकीलनं सगळी चित्रं एका नखाएवढ्या कार्डात उतरवून दिली. पण फोनमधून पुसायची वेळ आली तेव्हा त्यानं फोन आशाबाईपुढं सरकवला. "काकू, देव तुमचे, बोट तुमचंच लावा," म्हणाला. आशाबाईनं चपला काढून, डोळे मिटून बोट लावलं. ते कार्ड पानाच्या द्रोणात, फुलांत ठेवून नदीच्या डोहात सोडलं. पूनमला तेव्हा हसू आलं होतं.

आता तिनं जमिनीवर काडीनं दोन गोल काढले.

"काकू, फोनात दोन जागा असतात. ही एक कोठी, माल भरून ठेवायची. तुझे देव होते ते इथं. आणि हे खळं. काम चालतं ते इथं. कोठीतला माल खळ्यावर आणून पसरल्याशिवाय मळणी होत नाही. तू कोठी रिकामी केलीस, पण तुझ्या फोनचं खळं सुपाएवढंच आहे. त्यावर अर्ध्यात ग्रुप बसलेला, उरलेल्यात फोनचं स्वतःचं चालणं. त्यात हा हसरा हत्ती येऊन बसला. मग कोणालाच हलता येईना."

"अन् तुह्यं खळं केवढं हाये, पुन्यात?"

"एका बाजूला मळणी, दुसऱ्या बाजूला लग्नाची पंगत बसेल एवढं."

"म्हून तुले दिसलं नाही." आशाबाईनं काडी घेऊन ते दोन्ही गोल खोडले. "म्हंजे देव बी गेले, अन् अळी बी आली."

पूनमनं तिथूनच ऑफिसला फोन लावला. सरांना सगळं सांगितलं. चित्रफीत आजच काढा, नाहीतर बारक्या फोनवर लाल रंग कोणालाच दिसणार नाही.

"पूनम, तो व्हिडिओ क्लायंटचा आहे. तो काढला तर अ‍ॅपला पैसे कोण देणार?" सर म्हणाले. "आणि हे असले डबडे फोन आपले युजर नाहीतच. त्यांना सांग ना, फोन बदला. आता चांगले फोन स्वस्त झालेत."

"सर, ही माझी काकू आहे."

"हो, तेच. काकूंना एक फोन घेऊन दे तू." आणि ते हसले. मनमोकळं, स्वच्छ हसले. पूनमनं फोन कानापासून दूर धरला. तिच्या डोळ्यांपुढं तेच दात आले.

आशाबाईच्या वरच्या तुकड्यात अळी बोंडापर्यंत पोचली होती, ते पीक हातचं गेल्यातच जमा होतं. पण भजनी मंडळातल्या तानाबाई आणि सत्यभामाबाईंची लावण उशिराची. त्यांच्या कपाशीला आत्ता कुठं पात्या, म्हणजे कळ्या, लागत होत्या. त्यांचेही फोन असेच, आणि त्याही रोज सकाळी हसरा गडी बघून निश्चिंत होत होत्या. त्यांना रंग वेळेत दिसला, तर त्यांचं पीक अजून वाचणार होतं.

घरी येऊन पूनमनं कोनाड्यातून कॉलेजातला जुना लॅपटॉप काढला आणि ऑफिसमधून अ‍ॅपचा कोड त्यावर उतरवून घेतला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती एकाच वेळी दहा खिडक्या उघडून बसायची, आत खोटा फोन चालवून त्यावर अ‍ॅप तपासायची. इथं खोटा फोन सुरू करताच लॅपटॉप पंखा घरघरवत गप्प झाला. बाणसुद्धा हलेना. तिनं तो बंद केला, पुन्हा लावला. खोटा फोन सोडला, ब्राउझर मिटला, गाणी मिटली, मिटता येईल ते सगळं मिटलं. काकूचा खराखुरा फोन वायरीनं जोडला. तरी प्रत्येक छोट्या बदलानंतर अ‍ॅप नव्यानं बांधून होईपर्यंत आशाबाईच्या भाकरीची चवड वाढत जाई.

"आपल्या जुन्या बैलावानी हाये हा," आशाबाई चुलीपासून म्हणाली. "चाबूक मारला का बसते."

म्हणून पूनम ओझं कमी करत गेली. आधी हसरा गडी काढला. मग त्याच्यामागचं हलणारं शेत, मग फिरतं बोधचिन्ह, मग बक्षिसांचं पान. प्रत्येक वस्तू काढताना तिला आठवत होतं, ही आपणच बसवली होती आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या. जखमेतून पू काढावा तसं ते काढत होती ती. किळस येत होती, आणि आराम पडत होता. शेवटी गावाचं नाव, एक रंग आणि एक ओळ एवढंच उरलं.

जुनं अ‍ॅप फोनमधून उपटून तिनं नवं चढवलं, आणि फोन काकूच्या पिठाळ हातात दिला. आशाबाईनं बोट लावलं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सगळा पडदा लाल झाला.

आशाबाईनं त्या लाल उजेडावरून पिठाळ अंगठा फिरवला.

"म्हंजे हे इतके दिवस आतच होतं?"

"हो."

"त्याच्या दातांमागं?"

पूनमनं लॅपटॉप मिटला.

आशाबाईनं हात धुतले, पदर खोचला. "चाल. आरतीले बसल्या असतीन सगळ्या."

मारुतीच्या देवळात बायका टाळ आवरत होत्या. पूनम ओट्यावर बसली आणि एकेकीचा फोन मागून घेऊ लागली. जुनं काढायचं, नवं घालायचं, पुढचा. प्रत्येक फोनवर आधी तो फेटेवाला यायचा आणि थिजायचा. तानाबाईचा पडदा लाल झाला तशी ती टाळ तिथंच टाकून नवऱ्याला हाका मारत निघाली. सत्यभामाबाई तिच्यामागून. नव्या अ‍ॅपची वर्दी ऑफिसात पोचली होती; पूनमच्या स्वतःच्या फोनवर सरांचं नाव चमकत होतं. 'कोणाच्या परवानगीनं', एवढेच शब्द तिला दिसले. तिनं फोन पालथा घातला.

तोच आशाबाईच्या फोनची घंटी वाजली. ग्रुपवर गजानन महाराज आले होते, भोवती चमचमणारे गुलाब. आशाबाईनं फोन कपाळाला लावला. मग पूनमकडे वळली.

"त्या दात काढणाऱ्याले काढलं, तवा मले काऊन नाही बोलावलं?"

"कशाला, काकू?"

"देव काढतानी चपला काढून माहंच बोट लावलं नं मी? याले काढतानी बी माहंच बोट पाह्यजे होतं." तिनं पायातली चप्पल काढली आणि हातात घेतली. "कोनाच्या फोनात राह्यला अशीन त दे इकडं."