चावी देऊ नये

घड्याळजींना सगळी गल्ली 'भिंगवाले' म्हणायची. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस, दुसरं काय म्हणणार? नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाने घड्याळ पाण्यात बुडवून आणलं तर आधी त्याची खरडपट्टी काढायचे आणि मग घड्याळ हातात घ्यायचे. लोक ऐकून घेत, कारण हात सोन्याचा होता.

तो हात दोन वर्षांपूर्वी थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाला कळलं, मग चिमट्याला, मग गिऱ्हाइकांना. सून तीन वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून काम शिकत होती. आता चिमटा तिच्या हातात गेला आणि भिंगवाले खुर्चीत नुसते बसून राहिले. पण खुर्ची सोडली नाही. एका बाईने तोंडावर सांगितलं, "आजोबा, तुम्ही राहू द्या, सूनबाईंना बघू दे." त्या दिवशी भिंगवाले जेवले नाहीत. पोटात दुखतंय म्हणाले. दुखतच होतं, पण औषधाने थांबणारं नव्हतं.

घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. मुलगा मालवाहतुकीच्या ऑफिसात कामाला. घड्याळांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. झेरॉक्सवाल्या एका माणसाने ती खोली भाड्याने मागितली होती आणि रविवारी त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं. सुनेने नवऱ्याजवळ एकच मागणं केलं: दुकान मला चालवू द्या. लग्नानंतर एवढ्या वर्षांत तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. मुलगा म्हणाला, बाबा म्हणतील तसं.

तोंडावर नाही म्हणायची भिंगवाल्यांना सोय नव्हती, तिचं काम सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी परीक्षा ठेवली. स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. त्यांच्या गुरूंनी डोक्यावर हात ठेवून दिलेलं, चव्वेचाळीस वर्षं एक दिवस न चुकता चावी दिलेलं. हे पूर्ण उघड, साफ कर, जोड, आणि रविवारी माझ्या मुलासमोर चालू करून दाखव. दाखवलंस तर खुर्ची तुझी. मनातून त्यांना खात्री होती, ही कुठेतरी अडकणार.

ती अडकली नाही. शुक्रवारी संध्याकाळी घड्याळ सुरेख चालत होतं. भिंगवाल्यांनी ते कानाला लावलं. खोड काढायला जागाच नव्हती, आणि खोड सापडत नाही म्हटल्यावर त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारी सकाळी पट्टा बांधताना घड्याळ त्यांच्याच बोटांतून निसटलं आणि फरशीवर पडलं. काच फुटली.

सून धावत आली. खाली बसून तिने आधी चावी बाहेर ओढली. त्या घड्याळाला चावी ओढली की काटे जागच्या जागी थांबायची सोय होती. काटे फिरत राहिले असते तर काचेचे तुकडे ओढत डायल खरवडून निघाली असती. भिंगवाले 'फुंकर मारू नको' म्हणायला तोंड उघडणार, तोवर तिने घड्याळ कागदावर पालथं धरून पाठीवर बोटाने हलकेच टिचक्या मारल्या. उरलेले तुकडे चिमट्याने वेचले. मग तिने काळ्या फडक्यावर एकेक तुकडा शेजारी शेजारी लावून काचेचं वर्तुळ पुन्हा जुळवलं. हे भिंगवाल्यांनीच शिकवलं होतं: काच जुळवून बघावी, म्हणजे घड्याळात काय राहिलंय ते कळतं.

कडेला तिळाहून बारीक एक फट उरली.

"बाबा, एवढी कपची सापडत नाही," ती म्हणाली. "डायलच्या कडेने आत गेली असणार. आता मशीन खोलल्याशिवाय हे चालवायचं नाही."

डायलला काही चिकटू नये म्हणून तिने चिकटपट्टी लावली नाही. वरून पातळ प्लास्टिक ताणलं, रबराचा एक वेढा घातला, घड्याळावर वाटी पालथी घातली आणि वाटीवर चिठ्ठी ठेवली: 'चावी देऊ नये.' मग त्या मापाची काच आणायला बाजारात गेली. संध्याकाळी कपची काढते, उद्यापर्यंत तयार होईल, असं जाताना सांगून गेली.

भिंगवाले घरात एकटे उरले. ही पोरगी उद्या माझ्या खुर्चीत बसणार आणि मी स्टुलावर, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. थोड्या वेळाने त्यांनी वाटी उचलली, रबर काढलं, प्लास्टिक बाजूला केलं. चावी आत दाबली. घड्याळ चालू झालं. त्यांनी ते जोरजोरात हलवलं, चावी दिली, मग काटे फिरवले, पुन्हा चावी दिली. आत दाताखाली खडा यावा तसा आवाज आला. चावी अडली. जन्मभर ज्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं की अडली तर जोर लावू नका, त्यांनी जोर लावला. आत कट् झालं आणि घड्याळ बंद पडलं. मग त्यांनी चावी बाहेर ओढली आणि सगळं होतं तसं करून ठेवलं. त्या अर्ध्या तासात त्यांचा हात एकदाही थरथरला नाही. हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना बरंसुद्धा वाटलं.

सुनेला नवी काच मिळायला चार दुकानं फिरावी लागली. ती अंधार पडल्यावर परतली. बारीक कपची दिव्याच्या उजेडात दिसायची नाही म्हणून तिने काम सकाळवर टाकलं.

रविवारी मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला. सुनेने वाटी उचलली, रबर सोडलं, क्षणभर बोटांत धरून पाहिलं. मग मागचं झाकण उघडून भिंग लावलं. बराच वेळ ती वाकून बघत राहिली.

"चाकाचे दोन दात गेलेत," ती म्हणाली.

"काच आत असताना चावी दिली की हेच होतं," भिंगवाले मुलाला म्हणाले. "शिकाऊ हात. माझ्या गुरूंची आठवण होती ती."

मुलाने बायकोकडे पाहिलं. तू दिलीस का, असं त्याने विचारलं. तिने भिंग खाली ठेवलं आणि घड्याळ माझ्याच ताब्यात होतं, एवढं म्हणाली. मुलगा थोडा थांबला, आणखी काही येईल म्हणून. मग तो झेरॉक्सवाल्याला बोलवायला गेला.

भिंगवाले जिंकले होते. आता ही रडेल, भांडेल, आपल्यावर आळ घेईल, म्हणून ते सावरून बसले. उत्तरं तयारच होती. ती मात्र चिमटे पुसून डब्यात ठेवत होती.

"मी रबराचा एकच वेढा घातला होता बाबा. आज दोन होते," ती मान वर न करता म्हणाली.

भिंगवाल्यांनी टेबलावरचं रबर मुठीत झाकलं.

"यांच्यासमोर बोलले असते तर दुकान मला मिळालं असतं. पण तुम्ही उघडे पडला असता, आणि ते तुम्हाला आता सोसलं नसतं. हात तर गेलाच, अब्रूही गेली असती." तिने डबा बंद केला. "मला तुमची कीव आली. पण हे घड्याळ आता माझ्यापुढे ठेवू नका. मी त्याला हात लावणार नाही."

ती आत निघून गेली. भिंगवाल्यांना जन्मात कोणी एवढं हलकं केलं नव्हतं. तिने सगळ्या गल्लीसमोर चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी घड्याळ उचलून कानाला लावलं आणि लगेच खाली ठेवलं.

तासाभराने झेरॉक्सवाला आला. जाडजूड, घामेजलेला, स्वभावाने चांगला माणूस. त्याने टेपने भिंती मोजल्या, दार मोजलं, मशीन कुठे राहील, कागदांची रिमं कुठे, ते मुलाला समजावून सांगितलं. टेबल हलवावं लागेल म्हणाला. मग दमून मागे सरकला आणि भिंगवाल्यांच्या खुर्चीत ऐसपैस बसला.

"आजोबा," तो म्हणाला, "जरा पाणी मिळेल का?"

भिंगवाले उठले आणि पाणी आणायला आत गेले. येताना अर्धा पेला वाटेतच सांडला.